सोबत कोण आहे?

मार्च 1897. भातसा नदी मोकळी वाहते आहे. तिच्यावर धरण यायला अजून कित्येक वर्षं आहेत, त्यामुळे भातसानगर नावाची वसाहतही नाही. तुम्ही शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. आसनगावला आगगाडी येऊन 37 वर्षं झाली. भात झोडून झालं की हाताला काम नसतं, म्हणून गाडीत बसलात आणि परळच्या एका गिरणीत लागलात. कालपासून अंग फणफणलंय. जांघेत गाठ आली आहे. खोलीतल्या सोबत्यांनी ती पाहिली आणि कुणी काहीच बोललं नाही. त्या गप्प बसण्यावरूनच तुम्ही काय ते ओळखलंत.

मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला तो सप्टेंबर 1896 मध्ये. त्यानंतर मुंबई सोडून लाखो माणसं पळाली. 4 फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारी माणसांना कुणाच्याही घरात शिरून रुग्ण उचलण्याचा अधिकार मिळाला. आज ती माणसं तुमच्या चाळीत आली आहेत. गोधडी जाळायला काढली जाते, भिंतींवर औषधाचं पाणी मारलं जातं, तुम्हाला गाडीत घातलं जातं. कुठं नेताय, असं तुम्ही विचारता. उत्तर येत नाही.

तुम्हाला आर्थर रोडच्या रुग्णालयात आणलंय. गेल्या ऑक्टोबरात, 29 तारखेला, याच रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून आले होते. आत नेलेल्या माणसाला मारून त्याची मोमियाई, म्हणजे माणसाच्या शरीरापासूनचं औषध, काढतात, अशी बोलवा होती. तुम्हीही ती ऐकली आहे आणि या घटकेला ती तुम्हाला खरी वाटते आहे. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं एकामागून एक जाताहेत. साहेब डॉक्टर गाठ दाबून बघतो, जीभ बघतो, इंग्रजीत काहीतरी लिहितो. गाठीवर पोटीस बांधतात, नाडी बुडू नये म्हणून चमच्याने ब्रँडी पाजतात. ब्रँडी म्हटल्यावर तुम्ही तोंड फिरवता. धर्म बुडवायला बसलेत, असं शेजारचा पुटपुटतो. प्लेगवर खात्रीचा इलाज त्या वेळी जगात कुणाकडेच नाही, पण ते तुम्हाला कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर कदाचित भीती कमी झाली असती.

त्या काळातले गोरे अधिकारी या भीतीला अडाणीपणा म्हणत. मला ते पटत नाही. ज्याला काहीच सांगितलं जात नाही आणि ज्याच्यापाशी आपलं माणूस बसू दिलं जात नाही, त्यानं वाईटाचीच कल्पना करायची नाही तर कशाची? सरकारलाही हे उशिरा का होईना उमगलं. पुढे जातीजमातींनी चालवलेली प्लेगची रुग्णालयं निघाली, पुण्यात टिळकांच्या पुढाकारानं हिंदू प्लेग हॉस्पिटल झालं. तिथं आपल्या हातचं अन्न मिळे, आपली माणसं भेटत, आणि लोक जायला लागले. औषधं तीच होती. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि याच मार्चच्या 10 तारखेला त्या गेल्या. त्यांनी हाताला धरून नेलेल्या रुग्णाला कुठं जातोय हे ठाऊक होतं.

तुमच्या खाटेपासून फार लांब नाही, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, वॉल्डेमार हाफकिन नावाचा माणूस प्लेगच्या लशीवर काम करतोय. 10 जानेवारीला त्यानं ती स्वतःलाच टोचून घेतली. त्याचं नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता थोडं पुढे सरका. 1970 च्या दशकाची अखेर, महाड तालुका, बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र. लाकडं काढताना तुम्हाला लाल विंचवानं नांगी मारली आहे. घामानं अंग चिंब, हातपाय बर्फासारखे गार, काळीज धडधडतंय. इथले तरुण डॉक्टर हिम्मतराव बावस्कर विचारत राहतात: किती वाजता चावला? उलटी झाली का? श्वास लागतो का? नाडी, रक्तदाब, पुन्हा नाडी, आणि प्रत्येक वेळी नोंद. तेव्हा विंचवाच्या अशा रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. हृदय थकायचं, फुप्फुसात पाणी भरायचं, तोंडाला फेस यायचा. तुमच्या वाट्याला नेमकं औषध येत नाही. पण अशा खाटांवरच्या निरीक्षणांतून 1980 च्या दशकात बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन विंचूदंशावर वापरून दाखवलं, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि मृत्यूचं ते प्रमाण पार खाली आलं. तुम्ही घाम पुसत जे सांगितलंत, त्यातूनच पुढच्यांचं औषध निघालं. रुग्णाचं सांगणं हाही उपचाराचा भाग असतो, हे आपल्याकडच्या आडगावातल्या एका दवाखान्यानं जगाला दाखवलं.

आणि आता आज. जुलै, भातसानगर, आवणीचे दिवस. दिवेलागणीला बांधावरून परतताना पायाला चटका बसला. गवतात काहीतरी जाडसर, साखळीसारख्या नक्षीचं सरपटत गेलं. पाय सुजायला लागलाय. शेजारी म्हणतो, भगताकडे नेऊ. भगताचं नाव का होतं ते समजून घ्या: बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे रुग्ण मंत्राशिवायही वाचले असते. मुलगा ऐकत नाही, 108 ला फोन लावतो. तुम्ही चालू नका. पाय फळीला बांधून हलू देऊ नका, बोटातली जोडवी, पायातला दोरा काढून टाका. वर आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही.

शहापूरच्या रुग्णालयात शिरल्या शिरल्या सिस्टर विचारतात, “सोबत कोण आहे?” मुलगा पुढे होतो. डॉक्टर विचारतात तो पहिला प्रश्न वेळेचा: किती वाजता चावला? दुसरा, काही झाडपाला दिलाय का? दिला असेल तर लाजू नका, सांगा. मग तुमच्या हातातून थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि ती नळी 20 मिनिटं न हलवता तशीच ठेवतात. ही वीस मिनिटं मुलाला फार लांब वाटतात. नुसतं बघत काय बसलेत, असं तो कुजबुजतो. पण इथं नुसतं बसलेलं कुणी नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त पातळच राहिलं, गोठलं नाही, तर विष रक्तात भिनलंय असं कळतं. घोणस आणि फुरसं यांचं काम असं असतं. मण्यारीचं निराळं: ती रात्री झोपेत चावते, दुखतही नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात, “काका, वर बघा. डोळे मिटू नका.”

तुमचं रक्त गोठलेलं नाही. प्रतिविषाच्या दहा व्हायल सलाईनमधून तासाभरात जातील. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच प्रतिविष असतं. ते बनवणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेतून निघालेली कंपनीही आहे; त्या संस्थेला 1925 मध्ये हाफकिनचं नाव दिलं गेलं.

सलाईन सुरू झाल्यावर पहिल्या तासात तुमचं काम सुरू होतं. अंगाला खाज, थंडी वाजणं, घशात दाटणं, यातलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. थोडं थांबून बघू, म्हणू नका. ही प्रतिविषाची ॲलर्जी असू शकते आणि तिच्यावरचं ॲड्रेनॅलिन जवळच भरून ठेवलेलं असतं. लघवी किती झाली, तिचा रंग कसा, हे मुलानं लक्षात ठेवायचं. हिरड्यांतून रक्त आलं, बोलताना जीभ जड झाली, तर सांगायचं. साधारण सहा तासांनी नळीची तपासणी पुन्हा होईल. मुलगा रात्री खाटेखाली वर्तमानपत्र अंथरून झोपेल, वॉर्डातल्या मावशी त्याला दोनदा उठवतील, तो पुन्हा तिथंच झोपेल. आपल्याकडे रुग्णाबरोबर नातेवाईकही निम्मा भरती झालेला असतो.

श्वासावर परिणाम झाला तर तुम्हाला ठाण्याला, कळव्याला किंवा मुंबईला हलवतील. भातसाचं पाणी ज्या वाटेनं मुंबईला जातं, साधारण त्याच वाटेनं इथले अवघड रुग्ण जातात. पाणी मात्र वेळेवर पोचतं. हलवताना चिठ्ठीवर तीन गोष्टी आहेत ना, ते मुलानं बघून घ्यायचं: दंशाची वेळ, दिलेल्या व्हायलची संख्या आणि शेवटची तपासणी कधी झाली. पुढच्या डॉक्टरांची अर्धी शोधाशोध तिथंच वाचते.

काही गोष्टी तुमच्या हक्काच्या आहेत, मेहरबानीच्या नाहीत. जीव धोक्यात असलेल्या रुग्णावर आधी उपचार, पोलिसांचे कागद मागाहून, असं सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सांगितलं. खासगी डॉक्टरांनाही ते लागू आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्याला काय झालंय आणि काय करणार आहेत, हे समजेल अशा भाषेत विचारता येतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचून मागता येतं. उपचारांचे कागद मागितले तर डॉक्टरांनी 72 तासांत द्यावेत, असा नियम 2002 पासून आहे. 2018 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्णांच्या 17 हक्कांची सनदही तयार केली. सनद भिंतीवर असली तरी पाड्यावरचा माणूस डॉक्टरांपुढे गप्पच बसतो, हेही खरं. डॉक्टर रागावतील, अशी भीती असते. कधीकधी रागावतातही, रात्रपाळीला एकटा डॉक्टर आणि समोर भरलेला वॉर्ड असतो. तरी विचारा. एकानंच विचारा, एकदाच, आणि आधी ठरवून. दहा नातेवाईकांनी गराडा घालून उत्तर मिळत नाही, भांडण मिळतं.

रक्त गोठायला लागलं, सूज उतरली, की घरी सोडतील. घाई करून “आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो” असं लिहून देऊ नका. डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. त्यावर काय लिहिलंय ते सिस्टरकडून समजून घ्या, आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते मुलाला पुन्हा म्हणून दाखवायला सांगा. घरी गेल्यावर पाच ते चौदा दिवसांत सांधे दुखायला लागले, ताप आला, अंगावर पुरळ उठलं किंवा लघवी कमी झाली, तर ते कार्ड घेऊन लगेच परत या.