विजेची भीती वाटते का?

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तेव्हा पाटाभोवती रांगोळी घातली होती, निरांजने लावली होती आणि भाची मात्र कोपऱ्यात संगणकासमोर मान खाली घालून बसली होती. चौकशी करता कळले, की एका कंपनीने नोकरीपूर्वी तिला 'घरचा अभ्यास' दिला आहे. चार दिवसांत एक लहानसा प्रोग्रॅम तयार करून पाठवायचा. मजुरी नाही, आश्वासनही नाही!

या प्रोग्रॅमर मंडळींची पारख पूर्वी कशी करीत असत, याचे मला कुतूहल वाटले. धागा धरून मागे गेलो, तो थेट १९४५ सालच्या फिलाडेल्फियात पोहोचलो. एनिॲक हे अजस्र यंत्र तिथे उभे राहत होते. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते हाताने करणाऱ्या मुलींतून सहाजणी त्यासाठी निवडायच्या होत्या. मिसूरीच्या एका शेतकऱ्याची वीस वर्षांची मुलगी, जीन जेनिंग्ज, मुलाखतीला गेली. हर्मन गोल्डस्टाइन यांनी विचारले, विजेबद्दल तुला काय वाटते? बिचारीने कॉलेजात शिकलेला ओहमचा नियम सांगितला. ते नव्हे, विजेची भीती वाटते का, एवढेच त्यांना हवे होते. वाटत नाही, म्हणाली. झाली निवड!

प्रश्न पोरकट वाटेल. पण यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि काम सांगायचे म्हणजे तारा नि बटणे हातांनी फिरवायची. खरी परीक्षा पुढेच होती. यंत्र कसे चालवावे याचे पुस्तकच नव्हते. नुसते आराखडे या मुलींच्या पुढ्यात टाकले गेले. त्यांवरून त्या सगळे शिकल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्र जगाला दाखवले, तेव्हा तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित जेनिंग्ज व बेटी स्नायडर यांनी बसवले होते. रात्रीच्या मेजवानीला मात्र त्यांना बोलावणे नव्हते.

पुढे गरज वाढली आणि माणसागणिक बोलत बसायला सवड उरली नाही. १९५५ मध्ये आयबीएमने छापील परीक्षा काढली : आकड्यांच्या मालिका, आकृत्यांची जुळणी, अंकगणित. कागद तपासायला सोपा, म्हणून इतरांनीही तो उचलला. त्यातले गुण आणि पुढचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ फारसा बसत नाही, असे साठीच्या दशकात अभ्यासकांना आढळू लागले. तरी परीक्षा चालूच राहिली. मला यात नवल वाटत नाही. चाळणी एकदा हातात आली, की तिची भोके कोण मोजतो?

मार्गशीर्ष सरत आला तरी भाचीला होय-नाही काहीच कळले नव्हते. तिला मी जेनिंग्जबाईंची हकीकत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, निदान त्यांच्या समोर कुणीतरी बसलं होतं!"