मोजलेला शिपाई, न मोजलेले घर

नंदुरबार जिल्ह्यात लष्करी छावणी नाही. तरीही एचआयव्हीसह जगणाऱ्या सैनिकांमधल्या लिंगसांसर्गिक आजारांचा अभ्यास इथल्या विद्यार्थ्याला परका वाटू नये. अक्कलकुव्याहून, धडगावहून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी माणसे त्याच्या परिचयाची असतात. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणाऱ्याचे दुखणे काय असते, हे त्याला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की सैनिकाच्या दुखण्याची कागदावर नोंद होते आणि तोडणी मजुराच्या बहुधा होत नाही.

ही नोंदच या विषयाचे भांडवल आणि तीच त्याची खोड. १८६४च्या छावणी कायद्यापासून ब्रिटिश सरकारने पलटणींभोवतीच्या वेश्यांची नोंदणी केली, त्यांची सक्तीने तपासणी केली, आजारी निघाल्या की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडले. १८६८च्या सांसर्गिक रोग कायद्याने हीच रीत शहरांत आणली. तो १८८८ मध्ये रद्द झाला. १८९५च्या सुमारास हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत दर हजार शिपायांमागे वर्षाला पाचशेहून अधिक वेळा गुप्तरोगासाठी इस्पितळात भरती होत असे. देशी पलटणींत हे प्रमाण पुष्कळ कमी होते. या अहवालांत बाई दिसते ती रोगाचा उगम म्हणून. रोगी म्हणून ती जवळजवळ येतच नाही. जुने तक्ते वाचताना एवढे भान ठेवले तरी पुष्कळ.

नजर बदलली ती पुण्यात, आणि छावणीबाहेर. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षापासून शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांचा पाठपुरावा सुरू झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींनी आयुष्यात एकच जोडीदार असल्याचे सांगितले होते. तो बहुधा नवराच. माझ्या मते या क्षेत्रात शिरणाऱ्याने लष्करी तक्त्यांच्या आधी हा निबंध वाचावा.

आता शरीराकडे. गरमीच्या व्रणाने त्वचेचा बांध फुटतो, आणि विषाणूला हव्या असलेल्या सीडी-४ पेशी तिथेच गोळा होतात. परम्यासारख्या मूत्रमार्गदाहाने वीर्यातल्या विषाणूचे प्रमाण वाढते व उपचाराने उतरते, हे १९९७ मध्ये मलावीत दिसले. पुढे एआरटीने, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधोपचाराने, चित्र पालटले. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या आणि पुण्यातही राबवलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले, की वेळेवर एआरटी सुरू केल्यास जोडीदाराला होणारी एचआयव्हीची लागण जवळजवळ थांबते. पण ही औषधे गरमीचा जंतू मारत नाहीत, परम्याचाही नाही. ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून निर्धास्त झालेल्या रुग्णाची गरमीसाठीची व्हीडीआरएल रक्ततपासणी राहून जाते, ती इथेच.

सैनिकाच्या बाबतीत आणखी एक अडचण, जी पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपते. गरमीचा उपचार लागू पडला की नाही, हे रक्तातल्या टायटरवरून, म्हणजे प्रतिपिंडांच्या पातळीवरून ठरते: १:३२चे १:८ झाले, म्हणजे चौपट उतरले, की समाधान मानायचे. एचआयव्हीबाधितांत हे महिनोन्‌महिने पाहत राहावे लागते, आणि तेही एकाच पद्धतीच्या तपासणीने, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. मधेच बदली झाली तर? पुण्याचा आकडा आणि सीमेवरच्या इस्पितळाचा आकडा शेजारी मांडता येतात, पण त्यांची तुलना भरवशाची राहत नाही. शिवाय मज्जासंस्थेतली किंवा डोळ्यातली गरमी कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकते. सैनिकाची नजर अंधूक झाली तर केवळ चष्म्याचा नंबर काढून थांबू नये.

आणि घर? लिंगसांसर्गिक आजारांच्या सरकारी ‘सुरक्षा’ क्लिनिकमध्ये परम्याच्या लक्षणांवर राखाडी पाकीट मिळते, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम. तेच जोडीदारालाही द्यायचे असते. पण नवरा ठाण्यावर आणि बायको तळोद्याला असेल तर ते पाकीट कोणी, काय सांगून द्यायचे? २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, गोपनीयतेला संरक्षण देतो आणि काही अटींवरच जोडीदाराला कळवण्याची मुभा देतो. या पुस्तकाची पुढची प्रकरणे या प्रश्नाभोवती फिरतात. ज्याला पावरी किंवा भिलोरी बोलता येते आणि गावातल्या आशाताईशी ओळख आहे, अशा अभ्यासकाची इथे फार गरज आहे.