औषध आणि श्वास यांचा मेळ

दम्याच्या व जुनाट श्वासविकाराच्या रोग्याजवळ आज जें लहानसें साधन असतें, आणि ज्यास घरोघरीं नुसतें 'पंप' म्हणतात, त्या इन्हेलरचा इतिहास दुहेरी आहे. एक इतिहास साधनाचा. तो सतत सुधारणेचा आहे. दुसरा तें साधन वापरणाऱ्यांचा. तो मात्र पुष्कळसा जागच्या जागींच राहिला आहे. औषध उत्तम, साधन उत्तम, तरी जिना चढतांना धाप पूर्वीसारखीच, हें दृश्य अनेक घरांत दिसतें. त्याचें एक मोठें कारण या दुसऱ्या इतिहासांत सांपडतें.

औषध श्वासाबरोबर आंत घ्यावें ही कल्पना फार पुरातन आहे. ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमाराच्या 'एबर्स पपायरस' या इजिप्शियन वैद्यकग्रंथांत, तापलेल्या दगडावर वनस्पति टाकून तिचा वाफारा बोरूच्या नळीनें ओढण्याचा उपचार आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत धूमपानाचें सविस्तर विवेचन आहे. हें धूमपान म्हणजे आजची विडी-सिगारेट नव्हे. औषधी द्रव्यांची वात करून तिचा धूर 'धूमनेत्र' नांवाच्या नळीनें ओढावयाचा असे. नळी किती अंगुळें लांब असावी, शरीर ताठ व मन एकाग्र ठेवून कसें बसावें, धूर किती वेळां ओढावा, हें सारें तेथें सांगितलें आहे. तोंडानें ओढलेला धूर नाकानें सोडल्यास डोळ्यांस अपाय होतो, असा इशाराही आहे. द्रव्य आणि तें घेण्याची रीत हीं मिळून एकच औषध, अशी त्या ग्रंथकाराची दृष्टि दिसते.

'इन्हेलर' हें नांव १७७८ सालचें. इंग्लंडांतील प्लिमथ येथील डॉ. जॉन मज यांनीं खोकल्यावरील आपल्या पुस्तकांत तें वापरलें. त्यांचें साधन म्हणजे कथिलमिश्रित धातूचा झांकणाचा पेला. मुठींतून शिरलेली हवा ऊन पाण्यांतून वर येई, आणि झांकणाला जोडलेल्या नळीनें रोगी ती ओढी. पुढें हिंदुस्थानांतून एक उपचार विलायतेस गेला. धोतऱ्याच्या धुरानें दमेकऱ्यास आराम पडतो ही येथील माहिती १८०२ च्या सुमारास जनरल जेंट या सेनाधिकाऱ्यानें मद्रासहून इंग्लंडास नेली. एकोणिसाव्या शतकांत तेथें 'दम्याच्या सिगारेटी' निघाल्या. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हाही त्या ओढीत असे. धुरानें होणारी हानि पुढें कळली आणि त्या मागें पडल्या. परंतु धोतऱ्यांतील ज्या द्रव्यामुळें आवळलेल्या श्वासनलिका सैल होत, त्याच वर्गांतील सुधारलेलीं औषधें आज इन्हेलरमधून दिलीं जातात.

आधुनिक इन्हेलरचा उगम एका मुलीच्या प्रश्नांत आहे. अमेरिकेंतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. त्या वेळचें रबरी फुगा दाबून वापरावयाचें काचेचें फवारणीयंत्र तिला गैरसोयीचें वाटे. केंसांचा फवारा जसा डब्यांतून येतो तसें आपलें औषध कां येत नाहीं, असें तिनें १९५५ सालीं वडिलांस विचारलें. मेसन यांनीं तें काम आयर्व्हिंग पोरुश या रसायनज्ञाकडे सोंपविलें. अत्तराच्या बाटलीसाठीं तयार झालेली, प्रत्येक दाबास ठराविक माप सोडणारी झडप कामीं आली, आणि मार्च १९५६ मध्यें 'मेडिहेलर' बाजारांत आला.

सोय मोठी झाली. परंतु तिच्याबरोबर एक अवघड अटही आली. फुग्याच्या यंत्रानें रोगी अनेक श्वासांत सावकाश औषध घेई. आतां तें निमिषांत व मोठ्या वेगानें बाहेर पडूं लागलें. दाबण्याचा क्षण आणि श्वास घेण्याचा क्षण एक करण्याची जबाबदारी रोग्यावर पडली. केंसांच्या फवाऱ्यास असा मेळ लागत नाहीं, फुफ्फुसांस लागतो.

यानंतरची प्रगति झपाट्याची आहे. अलेप्पो येथें जन्मलेले, स्वतः दमेकरी आणि दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांचे शिक्षक असलेले डॉ. रॉजर अल्तून्यान यांनीं भुकटीच्या औषधासाठीं 'स्पिनहेलर' रचला. त्यांत रोग्याच्या श्वासानेंच चिमुकला पंखा फिरे आणि भुकटी आंत जाई. १९६९ सालीं सॅल्ब्युटामॉल आणि १९७२ सालीं बेक्लोमेथासोन हीं औषधें इन्हेलरमधून मिळूं लागलीं. मुंबईच्या सिप्ला कंपनीनें १९७६ सालीं दम्याचे फवारे बाजारांत आणले.

औषध कोठें जातें याचा शोधही लागला. १९८१ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, फवाऱ्यांतील कणांना किरणोत्सर्गी खूण करून त्यांचा माग काढला गेला. शंभर भागांपैकीं सुमारें ९ भाग फुफ्फुसांत पोंचले. ८० भाग तोंडांत व घशांत राहिले. इन्हेलरची रचना पुढें सुधारली. परंतु जेथें मुळांतच थोडें पोंचतें, तेथें चुकीच्या रीतीनें किती वायां जात असेल, याची कल्पना यावरून येते.

आणि चूक सर्रास होते. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतील १४४ निबंधांचा एकत्रित आढावा २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ५४ हजारांहून अधिक माणसांची नोंद होती. बिनचूक रीत आढळली ती शेंकडा ३१ जणांचीच. फवाऱ्याचा इन्हेलर वापरणाऱ्यांत दाबणें व श्वास घेणें यांचा मेळ न साधणारे शेंकडा ४५ होते, आणि औषध घेतल्यावर श्वास न रोखणारे ४६. पहिल्या वीस वर्षांत व नंतरच्या वीस वर्षांत कांहीं विशेष फरक नव्हता. भारतांत दीर्घकालीन श्वासरोधाच्या, म्हणजे सी.ओ.पी.डी.च्या, रोग्यांची संख्या १९९० सालीं अदमासें २ कोटी ८१ लक्ष होती. ती २०१६ सालीं ५ कोटी ५३ लक्ष झाली. हा विकार समूळ बरा होत नाहीं. म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर आंत जाणाऱ्या औषधाचें मोल त्यांत फार आहे.

वास्तविक रीत कठीण नाहीं. फवाऱ्याचा इन्हेलर प्रथम हलवावा. ताठ बसून श्वास सावकाश बाहेर सोडावा. ओंठ नळीभोंवतीं घट्ट मिटावे. श्वास घेण्यास आरंभ करतांच एकदां दाबावें आणि हळूहळू, खोल श्वास घेत राहावें. नंतर दहा सेकंद, किंवा सोसेल तितका वेळ, श्वास रोखावा. दुसरी मात्रा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हां तसेंच करावें. भुकटीच्या इन्हेलरची रीत नेमकी उलट आहे: तेथें श्वास जोरानें व वेगानें ओढावा लागतो, आणि साधनांत उच्छ्वास सोडावयाचा नसतो, कारण ओलाव्यानें भुकटी चिकटते. भुकटीची कॅप्सूल साधनांत घालावयाची. पाण्याबरोबर गिळावयाची नव्हे. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यास २००८ सालीं तसा जाहीर इशारा द्यावा लागला होता. ज्यांना मेळ साधत नाहीं, त्यांनीं 'स्पेसर' ही पोकळ नळी फवाऱ्यास जोडावी. स्टेरॉइडचें औषध घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडांत बुरशी धरत नाहीं.

ही रीत डॉक्टरांनीं एकदां दाखविली म्हणजे कायमची अंगीं मुरते असें नाहीं. कांहीं आठवड्यांत हात पुन्हां जुन्या वळणावर जातो, आणि रोग्यास त्याचा पत्ताही नसतो. यास्तव डॉक्टरांकडे जातांना कागदपत्रांबरोबर इन्हेलरही न्यावा, आणि आपण तो कसा घेतों हें त्यांच्यासमोर प्रत्यक्ष करून दाखवावें. औषध बदलण्याचा किंवा वाढविण्याचा विचार त्यानंतर.