अपक्ष प्रतिनिधित्व आणि सभागृहाचे गणित : जुन्नर मतदारसंघाचा अभ्यास

महाराष्ट्र विधानसभेत अपक्ष सदस्याचे वजन त्याच्या कर्तृत्वापेक्षा सभागृहातील बेरजेवर अधिक ठरत आले आहे. 1995 मध्ये 288 पैकी 45 अपक्ष निवडून आले. शिवसेना (73) व भाजप (65) यांना बहुमतासाठी सात सदस्य कमी पडत होते. साहजिकच मंत्रिमंडळाची दारे अपक्षांना उघडली गेली. पुणे जिल्ह्यातील इंदापूरचे हर्षवर्धन पाटील त्यांपैकीच एक. 2024 मध्ये महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांकडेच 230 जागा होत्या आणि अपक्ष अवघे दोन होते. त्या दोघांपैकी जुन्नरचे शरद सोनवणे यांची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक ठरते.

2014 मध्ये ते महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राज्यातील एकमेव आमदार म्हणून निवडून आले. एकट्या सदस्याचा पक्ष आणि अपक्ष यांत व्यवहारतः फारसे अंतर नसते. त्यामुळे पुढील भूमिकेची तालीम इथेच झाली, असे म्हणता येईल. त्यांच्याच कार्यकाळात, 2018 मध्ये, जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. 2019 मध्ये ते शिवसेनेचे उमेदवार झाले, तेव्हा त्याच पक्षाच्या पूर्वीच्या उमेदवार आशा बुचके अपक्ष उभ्या राहिल्या व त्यांनी सुमारे 50 हजार मते घेतली. सोनवणे राष्ट्रवादीच्या अतुल बेनके यांच्याकडून 9,068 मतांनी पराभूत झाले. बंडखोरीचा फटका ज्यांना बसला, त्यांनीच पाच वर्षांनी बंडखोरीचा मार्ग धरला. 2023 च्या फुटीनंतर राष्ट्रवादीचे दोन्ही गट जुन्नरमध्ये समोरासमोर आले. महायुतीची जागा बेनके यांना गेल्याने सोनवणे अपक्ष लढले आणि 73,355 मते मिळवून त्यांनी सत्यशील शेरकर यांच्यावर 6,664 मतांनी मात केली.

शेजारच्या आंबेगाव मतदारसंघात, ज्यात लोणी-धामणीचा कोरडवाहू पट्टा येतो, त्याच निवडणुकीत अपक्ष उमेदवारीचे निराळे रूप दिसले. 1990 पासून सातत्याने निवडून येणारे दिलीप वळसे पाटील तेथे देवदत्त निकम यांच्याविरुद्ध अवघ्या 1,523 मतांनी विजयी झाले. निकम यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षाला याहून अधिक मते पडली होती.

निकालानंतर सोनवणे यांनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेस पाठिंबा दिला. 1985 मध्ये राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या दहाव्या अनुसूचीनुसार अपक्ष सदस्याने निवडीनंतर पक्षप्रवेश केल्यास त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पाठिंब्याला मात्र अशी आडकाठी नाही. परंतु 230 च्या सत्तापक्षाला एका मताची निकड नसते. मग अशा सदस्याच्या हाती उरते ते सभागृहाचे लक्ष वेधणे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात सोनवणे बिबट्याचा वेश करून विधानभवनात आले. या कृतीची थट्टा करणे सोपे आहे; पण पिंपरखेड त्यांच्या मतदारसंघात नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस आला आणि उसाने बिबट्याला आसरा दिला. ही साखळी मतदारसंघाच्या सीमा मानत नाही. त्या प्रकल्पातील एक धरण माणिकडोहला आहे, आणि बिबट्यांचे निवारा केंद्रही माणिकडोहलाच.