केडगावचे मुक्तिसदन

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांताच्या मुलखातील निराधार मुलींना पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावी आणून, अन्न, विद्या व हुन्नर देऊन जे कुटुंब उभारले, त्याच कुटुंबात १९०५ च्या जूनमध्ये प्रार्थनेच्या वेळी मुली पश्चात्तापाने रडू लागल्या, आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने भारलेल्या त्यांच्या तुकड्या आसपासच्या गावी शुभवर्तमान सांगत निघाल्या. त्या साक्षीमागे वर्षानुवर्षांची मायेची पंगत होती. म्हणूनच ती साक्ष मला प्रमाण वाटते. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेने हे वृत्त दूर चिली देशातील वाल्पाराइसोपर्यंत पोहोचविले, व तेथील मेथॉडिस्ट मंडळीत १९०९ साली तसेच जागरण झाले. रमाबाई मात्र केडगावीच, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापले गेले.