लोकसेवक-संरक्षण (सातारा व सांगली जिल्हे)

लोकसेवक-संरक्षण : शासकीय सेवकांस धमकी, मारहाण व समाजमाध्यमांवरील छळ यांपासून कायद्याने दिलेले संरक्षण. त्याचा आधार अधिकाऱ्याची प्रतिष्ठा हा नसून त्याच्या हातून घडणारे सरकारी काम हा आहे. १९४९ साली विभागलेल्या जुन्या सातारा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या दुष्काळी पूर्वभागात, माण, येरळा आणि अग्रणी यांच्या पात्रांतून चोरून वाळू नेणारा ट्रॅक्टर अपरात्री अडवून, विजेरीच्या उजेडात जागेवर पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्यास या संरक्षणाची निकड सर्वाधिक असते.

त्याच्या अंगावर वाहन घातले अथवा त्यास धक्काबुक्की केली, तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ लागू होई. महाराष्ट्राने २०१८ साली त्याची शिक्षा दोनावरून पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांपर्यंतच आहे. मात्र तीच दमदाटी दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप गटावर झाली, तर हल्ला वा बळाचा वापर नसल्याने हे कलम लागत नाही, हे माणिक तनेजा खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलम ३५३ बाबत स्पष्ट केलेल्या तत्त्वावरून दिसते. तेथे न्याय संहितेचे धमकीविषयीचे कलम २२४ व निनावी धमकीस वाढीव शिक्षा सांगणारे कलम ३५१ ही दोन उरतात. परंतु कलम २२४ चा गुन्हा अदखलपात्र असल्याने केवळ त्याच्या आधारे, न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून, पोलिसांस तपास करता येत नाही, आणि आपल्या सजावर (नेमून दिलेल्या गावांत) एकट्याने फिरणाऱ्या कनिष्ठ सेवकाच्या दृष्टीने ही उणीव फार मोठी आहे.

तथापि ती भरून काढताना टीका हाच गुन्हा ठरू नये. फेसबुकवरील मजकुरावरून झालेल्या पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेनंतर (२०१२) देशभर गाजलेले माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, ते उचितच झाले.

हे संरक्षण लोकसेवकासच मिळते; अंतुले खटल्यातील निर्णयानुसार (१९८४) दंड संहितेच्या अर्थाने आमदार हा केवळ आमदार म्हणून लोकसेवक ठरत नाही, मंत्री ठरतो. खटला चालताना धमकीचा संदेश इलेक्ट्रॉनिक नकलेच्या रूपाने पुराव्यात दाखल करावयाचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर खटल्यात (२०२०) पूर्वीच्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने अधोरेखित केली होती.