पोलीस मध्यस्थी

फिर्यादीचे रूपांतर खटल्यात होण्यापूर्वी पोलीस अधिकाऱ्याने उभय पक्षांस समोरासमोर बसवून, गावातील जाणत्या मंडळींच्या साक्षीने, समेट घडवून आणण्याची पद्धती. बांध, पाटाच्या पाण्याची पाळी, वहिवाटीची वाट, भाऊबंदकीतील वाटणी अशा कलहांत निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी शेजार सुटत नाही. म्हणून ग्रामजीवनात तिचे मोल मोठे आहे.

पोलीस पाटील : महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला हा गावचाच रहिवासी कलहाची वर्दी ठाण्यास देतो.

तंटामुक्त गाव मोहीम : या पद्धतीस व्यापक शासकीय अधिष्ठान दिले ते गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने. ग्रामसभेतून उभ्या राहणाऱ्या समितीत गावकऱ्यांसह पोलीस पाटील, बीट अंमलदार, तलाठी व ग्रामसेवक यांना स्थान असून, दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची नोंद करणे, ते उभयतांच्या राजीखुशीने मिटविणे आणि नवे उद्भवू न देणे ही तिची कामे होत. फौजदारीपैकी तडजोडक्षम अपराधच तिच्या कक्षेत येतात. यशस्वी गावांस मूल्यमापनानंतर लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्कार मिळे.

मोहल्ला समिती : १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीतील रहिवासी व पोलीस यांच्या अशा समित्या बांधल्या; १९९२–९३ मध्ये दंगलींनी मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

शनिशिंगणापूर : घरांना दारे नसल्याबद्दल ख्यात असलेल्या नेवासे तालुक्यातील या गावी पोलीस ठाणे सुरू झाले ते २०१५ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्त्रियांना प्रथेने मज्जाव असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर जाऊन एका स्त्रीने दर्शन घेतल्यावरून वाद उद्भवला. २६ जानेवारी २०१६ रोजी या मज्जावाविरुद्ध शिंगणापुरास निघालेल्या भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या महिलांस पोलिसांनी सुपे येथे अडविले. आध्यात्मिक गुरू श्री श्री रविशंकर यांच्या मध्यस्थीनेही प्रश्न सुटला नाही. १ एप्रिल रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, १९५६ च्या मंदिरप्रवेशविषयक कायद्याच्या आधारे, स्त्रियांच्या प्रवेशाधिकाराचे रक्षण हे शासनाचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. ८ एप्रिल रोजी, गुढीपाडव्यास, विश्वस्तांनी चौथरा सर्वांस खुला केला.

मर्यादा : शिंगणापूरच्या वादातून मध्यस्थीची मर्यादा दिसते. देवघेव, हद्द व मानापमान यांच्या तंट्यांत उभय पक्षांनी थोडे थोडे सोडून देणे शक्य व श्रेयस्कर असते, परंतु कायद्याने दिलेला हक्क हा घासाघिशीचा विषय नव्हे, आणि तेथे शांततेच्या नावाखाली दुर्बलाच्या गळी समेट उतरविणे अन्यायाचेच ठरते. अशा प्रसंगी हक्क बजावणाऱ्यास संरक्षण देणे हेच पोलिसांचे प्रथम कर्तव्य होय.

कौटुंबिक कलह : यांसाठी पोलिसांच्या भरोसा कक्षांत समुपदेशन होते.